बिनचराईचं रान

माज्या तोंडात तीळ भिजत न्हाय. हे मला ठाऊक हाय, गल्लीला ठाऊक हाय. तरीबी ऋतुजाचा फोन आला आन् तो ठेवते न ठेवते तवर मी दारात जाऊन सगळ्यांना सांगून मोकळी झाले. "शनवारी पाचला आमच्या लेकीचं ग्राउंड टीव्हीवर दिसनार हाय. सगळ्यांनी यायचं. धपाटी करते."

ऋतुजा आमची एकुलती. शेतकी कॉलेजात शिकली, मंग इंग्लंडात गेली आन् तितं एका फुटबॉलच्या ग्राउंडचं गवत राखते. गावाचं नाव काय माज्या जिभंवर बसत न्हाय. दोन वर्सं दुसऱ्याच्या हाताखाली राबली. यंदा साहेबानं सगळं ग्राउंड तिच्याकडं दिलं. उन्हाळ्यात जुनं गवत काढून तिनं नवं पेरलं, आन् त्यावरची पहिली मॅच शनवारी. फोनवर म्हनली, "आई, अप्पांना टीव्हीपुढं बसव हां. कायबी कर, पर बसव."

असं का म्हनली, ते सांगते. तिचं अप्पा, म्हंजी आमचं मालक, सांगोल्याकडचं धनगर. नाव श्रीमंत, पर मी घेत न्हाय. निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता मेंढरं इकली, हितं सोलापुरात बाळे भागात दोन खोल्या बांधल्या आन् चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटावर बसतात. ऋतुजा निघाली तवा म्हनले, "जलमभर आपन गवत चारलं, आन् ही ते राखाया साता समुद्रापार चालली. ज्याला कोन खानार न्हाय, ते गवत काय कामाचं?" पोरीचं तोंड येवडुसं झालं. तवापासनं दर ऐतवारी फोनवर "जेवलीस का?" येवडं विचारतात आन् फोन माज्या हातात देतात. लेक पुढं कायतरी सांगाया जाते, तवर फोन माज्याकडं आलेला असतो. माज्या जिवाला लई लागतं ते. दोगंबी माजीच, सांगू कुनाला?

तर मंगळवारी केबलवाला तिप्पण्णा दारात आला. "मावशी, गल्लीला आवतन दिलं म्हनं तुमी. पर यंदा त्या मॅच दाखवायचं हक्क आजून कुनीच घेतलं न्हाईत."

"कसलं हक्क?"

"टीव्हीवर दाखवायचं. गेल्या वर्सीच्या चॅनलचा करार संपला. ते कमी देतो म्हनतात, तिकडचं जास्त मागतात. आनखी दोन चॅनलवालं नुसतं बगत बसल्यात. ठरलं तर दिसंल."

"आन् न ठरलं तर?"

"तर न्हाय दिसनार."

माजं डोस्कं फिरलं. "आरं मेल्या, ग्राउंड त्यांचं, गवत माज्या लेकीनं लावलेलं, टीव्ही माजा. आन् मी बगायचं का न्हाय ते तिसराच ठरवनार?"

"व्हय की," तिप्पण्णा म्हनला आन् चप्पल घालून निघाला. त्याचा तरी काय दोष, पर माजा राग कुनावर तरी निघाया पायजे व्हता.

अप्पा आत भाकरी खात व्हते. ढिम्म. मी म्हनलं, "ऐकलं का?"

"ऐकलं. चराईचा सौदा हाय तो."

"कसली चराई आन् कसलं काय!"

"त्या साली माढ्याकडं न्हवतो का आपन? तुरी काढलेलं रान, खाली पाला पडलेला. रानाच्या मालकाला चराईचं पैसं जास्त पायजे व्हतं. आपला कळप बांधावर, पलीकडं दुसऱ्या धनगराचा, बिरुदेवचा, कळप बांधावर. तीन दिस कुनीच पाय टाकला न्हाय. चौथ्या दिशी मालकच भाव उतरवून आला. पाला वाळून उडून गेला आसता, तर त्याच्या हातात काय ऱ्हायलं आसतं? मॅचबी तशीच आसंल. व्हऊन गेल्यावर कोन इकत घेतंय?"

"आन् त्या चौथ्या दिसाच्या आदीच मॅच झाली तर?"

"तर झाली," म्हनले आन् ताट सरकवलं. ह्या मानसाला राग येत न्हाय, याचाच मला राग येतो.

बुधवार, गुरवार, सुक्रवार. रोज तिप्पण्णाच्या दुकानात चक्कर. एकदा म्हनला, ठरतंय. दुसऱ्या दिशी म्हनला, मोडलं. शेजारच्या चंद्रव्वानं पान लावता लावता टोमना मारला, "बाजारात तुरी आन् भट भटनीला मारी! फोनवरच बग की लेकीला." अगं, मॅचच्या वक्ताला तिला फोन खिशात ठिवाया मुभा न्हाय. आन् फोनवर लेक दिसते, लेकीचं काम कुटं दिसतं? गेल्या वर्सी टीव्हीवर एकदा मॅचच्या मधल्या सुट्टीत हिरवं जाकीट घालून, दाताळं घेऊन ती ग्राउंडात आली, उडालेलं गवताचं ढेकूळ बसवून पायानं दाबून गेली. जाहिराती संपता संपता. पाठमोरी व्हती, चालीवरनं वळखली मी. अप्पा तवा ड्युटीवर.

शनवार उजाडला. अप्पांना रजा घ्याया लावली. धपाटी केली, दही लावलं, शेंगाची चटनी कुटली. चार वाजल्यापासनं गल्ली घरात. चॅनलवर जुनी क्रिकेटची मॅच चाललेली. साडेचार झालं. लोकं धपाटी खाऊन एकमेकांकडं बगाया लागली आन् माजी मान खाली. मला लोकांचं न्हवतं येवडं. लेकीनं दोन वर्सांत एकच गोष्ट मागितली व्हती.

पावनेपाचला तिप्पण्णाचा फोन. "मावशी, ठरलं! दुपारीच सह्या झाल्या. पर कन्नड चॅनलवर लागलंय. नंबर सांगतो, लिव्हून घ्या."

"कन्नड तर कन्नड!" मी वरडले. अप्पा हळूच म्हनले, "चौथा दिस." मी त्यांच्याकडं बगितलं बी न्हाय.

टीव्ही हिरवागार झाला. अगं बया! येवडं मोठं रान, आन् कुटं म्हनून उघडी माती न्हाय. चंद्रव्वा अक्कलकोटाकडची, घरात कन्नडच बोलनारी, तिची तर चैनच झाली. पुढं सरकून बसली आन् एकेक सांगाया लागली. कुनी विचारलं न्हाय तरी सांगाया लागली.

मी पंचेचाळीस मिंटं घड्याळाकडं बगत बसले. मला मधली सुट्टी पायजे व्हती. शिट्टी वाजली, पोरं आत गेली, आन् जाहिराती लागल्या. साबन, सिमेंट, गाडी, परत साबन. मी टीव्हीला नाक लावून हुबी. एकदाची जाहिरात संपली, तर मॅच पुन्यांदा सुरूसुदा झालेली.

"बुडालं की वाटोळं!" मी मटकन खाली बसले. खरं सांगते, रडू आलं. "आठवडाभर जीव टांगनीला लावला आन् लेक दिसलीच न्हाय."

अप्पांनी टीव्हीवरची नजर हलवली न्हाय. मॅच संपली, गल्ली पांगली, तरी बसून. मी मुद्दाम भांडी आपटली, तरी बसून.

ऐतवारी सकाळी फोन वाजला. अप्पांनी उचलला. मी हात पुढं करून तयारच व्हते.

"जेवलीस का?"

"व्हय अप्पा." मंग दबकत, "काल दिसले का मी?"

"न्हाय," अप्पा म्हनले. "गवत दिसलं."

माजा हात तसाच पुढं.

"तो लाल कपड्यातला गडी धा हात घसरत गेला. मागं चर पडला न्हाय. बावीस गडी दोन तास नाचलं, एक ढेकूळ सुटलं न्हाय. मुळी लई खोल धरलीया. तुजी आई रडत बसली तू दिसली न्हाय म्हनून. मी म्हनलं, तिला यायची गरजच कुटं पडली?" खरं म्हंजी मला असं कायबी म्हनले न्हवते, मनातच म्हनले आसतील. मंग म्हनले, "उजव्या हाताच्या कोपऱ्यात मातूर जरा फिकं हाय."

लेक हुंदका देऊन हासली. "अप्पा, तुमाला दिसलं ते? तितं छपराची सावली पडते. ऊन म्हनून दिवं लावते मी त्याच्यावर. हितं आजून कुनाच्या ध्यानात आलं न्हाय."

"मला न्हाय दिसनार तर कुनाला? गवतावर लाईट लावता व्हय? किती येळ?"

आन् ती सांगाया लागली. पानी किती, कापनी किती, मुळी किती बोटं. अप्पा "व्हय, व्हय" करत दाराबाहेर गेले, लिंबाखाली बसले. करार झाला तरी चॅनल सगळ्याच मॅच दाखवत न्हाय; पुढच्या शनवारची दिसंल का न्हाय, ते तिप्पण्णालाबी सांगता येत न्हाय म्हनं. न्हाय दिसली तर न्हाय दिसली. माजा च्या निवला, अप्पांचाबी निवला, आन् फोन काय त्या दिशी माज्या हातात आला न्हाय.