छतातले चार बोल्ट

जावई शनिवारी सकाळी लेकीच्या मागून ड्रिल घेऊन घरात शिरला, तेव्हाच मी ठरवलं की या माणसावरून नजर हटवायची नाही.

माणूस वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण तो गोड बोलतो, आणि गोड बोलणाऱ्या फिटरवर मी जन्मात कधी भरवसा ठेवलेला नाही. चौतीस वर्षं मी कारखान्यात यंत्रं जमिनीला जखडायचं काम केलं. काँक्रीटला भोक पाडायचं, त्यात फास्टनर, म्हणजे आत फुगून बसणारा बोल्ट, ठोकायचा, नट आवळायचा. दुसऱ्याने आवळलेला प्रत्येक नट मी पुन्हा आवळून बघायचो, म्हणून सगळे मला 'परतबघ' म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे. म्हणेनात का! माझ्या हाताखालचं एकही यंत्र कधी जागचं हललं नाही.

आठ महिन्यांपूर्वी हिच्या पायांतली ताकद गेली. सुरुवातीला मीच हिला उचलून खुर्चीत बसवायचो, खिडकीपाशी न्यायचो. मग माझी पाठ धरली, आणि गेले दोन महिने ही पलंगावरच आहे. छताकडे बघत पडून असते. शेवटी लेकीने फोनवर फर्मान काढलं, "बाबा, छताला रूळ बसवू. त्याला पट्टा अडकवायचा, बटण दाबलं की आई अलगद पलंगावरून खुर्चीत. तुमचे जावई इस्पितळात असलेच रूळ रोज बसवतात, त्यांना सवय आहे. आणि हे नाही जमलं, तर मी आईला आमच्याकडे घेऊन जाणार."

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. यांचं आधीच ठरलेलं असणार. दोन दिवस खाटखूट करायची, मग 'नाही जमलं हो बाबा' म्हणायचं आणि हिला गाडीत घालून न्यायचं. मी मागे या चार भिंतींत काय करणार होतो?

हिला पलंगासकट बाहेरच्या खोलीत ढकललं आणि जावयाने पिशवी उघडली. मी आत डोकावलो. त्यात एकही फास्टनर नव्हता. नुसत्या आटे पाडलेल्या चार सळ्या आणि पिचकारीसारखी एक नळी.

"फास्टनर विसरलात वाटतं, जावईबापू?"

"फास्टनर नाही वापरायचे, बाबा. केमिकल वापरायचं. भोकात हा मसाला भरायचा, त्यात ही सळी, म्हणजे आपला बोल्ट, फिरवत घालायचा. घट्ट झाला की संपलं."

"म्हणजे गोंद."

"गोंद म्हणा हवं तर."

"माझी बायको तुम्ही गोंदाला टांगणार?"

तो हसला. मग स्टुलावर चढून त्याने मला खिडकीकडची खूण दाखवली. "हा चौथा बोल्ट बघा. स्लॅबची कड इथून वीतभरही नाही. तुमचा फास्टनर आत फुगतो आणि काँक्रीटला बाजूला रेटतो. कडेला रेटलं तर कोपराच सुटून खाली येईल. मसाला रेटत नाही, नुसता धरून ठेवतो. आणि हा मसाला छतासाठीच आहे, मी कागद बघून आणलाय."

बरोबर बोलत होता. यंत्राचा पाय कडेला घेतला म्हणून चौथऱ्याचा कोपरा फुटलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. पण ते याने मला शिकवावं? मी नुसतं "हं" केलं आणि दाराशी खुर्ची टाकून बसलो.

भोकं पाडून झाल्यावर तो ती साफ करायला लागला. पंपाने फुंकायचं, ब्रशने घासायचं, परत फुंकायचं, परत घासायचं. आत धूळ राहिली तर मसाला धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही, हे मलाही माहीत होतं. मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. पहिलं भोक, दोनदा. दुसरं, दोनदा. तिसरं, दोनदा. आणि नेमकं तेव्हाच हिने बाहेरून पाणी मागितलं. मी पेला देऊन येईपर्यंत चौथा बोल्ट आत गेलेला.

"हे घासलंत?"

"घासलं की."

"दोनदा?"

"दोनदा, बाबा," तो म्हणाला आणि पुन्हा हसला. तिथेच माझं टाळकं फिरलं. हसण्यासारखं काय होतं त्यात?

"आता उद्या दुपारपर्यंत कोणी हात लावायचा नाही," स्टूल बाजूला ठेवत तो म्हणाला. "हवा गार आहे, त्यामुळे चोवीस तास धरून चाला." हिला परत जागेवर आणलं. जेवणं झाल्यावर लेक आणि तो चाकाची खुर्ची आणायला बाहेर पडले.

घरात मी, झोपलेली ही, आणि तो चौथा बोल्ट. आधी मी नुसता खालून बघत राहिलो. मग स्टूल आणलं. मग कपाटातून माझा जुना टॉर्क पाना काढला आणि चारही बोल्टांवर नट छताला टेकेपर्यंत चढवले. या पान्यावर जोर ठरवून द्यायचा असतो. नटाला तेवढा जोर बसला की पाना 'कट्' असा आवाज करतो, म्हणजे बोल्टने धरलं. आवाज व्हायच्या आधीच बोल्ट फिरला, तर त्याने धरलेलं नाही.

पहिला, कट्. दुसरा, कट्. तिसऱ्यालाही कट्. चौथ्याला पाना लावला, ओढला, आणि बोल्टच पाव फेरा फिरला. आवाज नाही.

सापडला! खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. नाही घासलं त्याने. आता येऊ दे गडी घरी, त्याच्या गोड बोलण्याची सगळी हवा काढतो.

स्टुलावरून उतरताना टेबलावरच्या नळीकडे लक्ष गेलं. चष्मा लावून मी वरचा कागद वाचला. गार हवेत चोवीस तास. त्याआधी बोल्ट हलवल्यास पकड कायमची जाते. भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. बोल्ट घालून जेमतेम चार तास झाले होते. शिवाय चौथा सगळ्यात शेवटचा, खिडकीच्या गारठ्यातला. त्याने भोक कितीही स्वच्छ घासलेलं असतं, तरी माझ्या पान्याने तो बोल्ट फिरलाच असता.

मी नट, पाना, स्टूल सगळं जागच्या जागी ठेवलं. ती दोघं परत आली, तेव्हा मी पेपर वाचत होतो.

रविवारी दुपारी जावयाने रूळ चढवला, नट आवळले. मी दाराशी उभा होतो. चौथा बोल्ट आज तसूभरही हलला नाही. रात्रीतून मसाला दगड झाला होता, आणि आत सुटलेली पकड बाहेरून कोणाला दिसणार? मग जावई स्वतः पट्ट्यात बसला आणि दोन्ही पाय उचलून लोंबकळला. झोके घेतले. रुळाने हूं की चूं केलं नाही. लेक टाळ्या वाजवत म्हणाली, "बघितलंत बाबा? जमलं! आई कुठे जात नाही आता."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. आणि पुढेमागे काही झालंच, तर जावयाने भोक घासलं नाही असं म्हणायची सोयही होती. हा विचार माझ्याच डोक्यात आला, आणि मला माझी किळस आली.

लेकीने हिला कुशीवर वळवून अंगाखालून पट्टा सरकवला. जावयाने बटणावर अंगठा ठेवला. ही छताकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"थांबा," मी म्हणालो. "तो चौथा... मी फिरवलाय. काल. तुम्ही खुर्ची आणायला गेला होतात तेव्हा. पाना लावून."

जावयाचा अंगठा बाजूला झाला. "किती फिरला?"

"पाव फेरा. बाकीच्या तिघांनाही जोर दिलाय मी."

"अहो बाबा, पण आत्ता लटकले ना ते! धरलं की त्याने!" लेक म्हणाली.

"आज धरेल. रोज वरखाली होताना महिन्याने धरेल का, ते मला सांगता यायचं नाही. त्यांनाही नाही."

जावई ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पलंगाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "चारही काढावे लागतील. जागा बदलून नवीन भोकं. पण उद्या सकाळी आम्हाला निघायचंय."

लेकीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या ओठांवर आलेलं मला कळत होतं. मी मान खाली घातली.

"मला माहीत होतं," ही म्हणाली.

"काय माहीत होतं? तू तर झोपली होतीस."

"घरातल्या पंख्यापासून कपाटापर्यंत सगळं त्या पान्याने आवळलंत तुम्ही. तो आवाज मला झोपेतही कळतो. तीनदा वाजला. चौथ्यांदा वाजला नाही, आणि तुम्ही शिव्याही घातल्या नाहीत. तेव्हाच समजले, काहीतरी बिघडवून ठेवलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलताय का ते बघत होते." मग ती लेकीकडे वळली. "दोन दिवसांची रजा वाढवून घ्या दोघं. हे गप्प बसले असते ना, तर पट्टा काढायला लावून मी उद्या तुमच्याबरोबर निघाले असते."

तिने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की लेकीच्या पटकन लक्षात आलं नाही. माझ्या आलं. मी पाठ सांभाळत वाकलो आणि तिच्या अंगाखालचा पट्टा हळूहळू ओढून काढायला लागलो.