दर रविवारी एक चाक

सुधींद्र सरांनी स्वयंपाकघरातल्या फळीवरची एकेक बाटली खाली उतरवायला घेतली, तेव्हा खंडोजीरावांना पहिल्यांदा वाटलं, आता तोंड उघडावं. उघडलं नाही. म्हैसूरजवळच्या हेब्बाळच्या कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला माणूस. यंत्राशी बोलायला सांगा, तासभर बोलेल, माणसांपुढे मात्र जीभ जड.

"हे काय?" सरांनी एक बरणी हुंगली.

"आवळ्याचं लेह्य, चाटण. घरी केलेलं," भवानीबाई म्हणाल्या. पाहुण्याने आपली फळी उपसावी आणि आपण मुकाट बघत राहावं, असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. अपमानाने त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांची आणि खंडोजीरावांची मुलगी तुंगा दाराला टेकून उभी होती. बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये देशातल्या पहिल्या तिघींत तिचं नाव, आणि सुधींद्र सर तिच्या संघाचे प्रशिक्षक. म्हैसूरला बर्फ बघायचा तर आइसक्रीमच्या दुकानात जावं लागतं, हा विनोद शेजाऱ्यांनी तिला हजारदा ऐकवला होता, आणि प्रत्येक वेळी तो नवाच असल्यासारखे ते स्वतःच हसले होते. बर्फ नाही म्हणून उन्हाळाभर ती चाकं लावलेल्या स्कीवर सराव करायची. वरुणा गावाकडच्या रस्त्यावर पहाटे दहा किलोमीटर ती पुढे आणि स्कूटरवर अप्पा मागे. चाकं सरांनी मुद्दाम जड फिरणारी दिली होती, बर्फ जसा पाय धरून ठेवतो तशी. संघातल्या सगळ्यांची चाकं एकसारखी, म्हणून सगळ्यांच्या वेळा एकमेकींशी ताडून बघता यायच्या.

गेल्या हिवाळ्यात तापातून उठल्यापासून तिचा फॉर्म गेला. एकतीस मिनिटांत पल्ला संपवणारी मुलगी तेहतिसाच्या पुढे गेली. मे महिन्यात एका सकाळी ती रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडली. आणि मग चमत्कार झाल्यासारखी दर आठवड्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ कमी व्हायला लागली. जून संपता संपता तीस मिनिटं पन्नास सेकंद. एवढ्या वेगात ती आयुष्यात कधी गेली नव्हती.

तिच्या मनगटावरच्या घड्याळातले आकडे थेट संघाकडे जात. संघाच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, म्हैसूरला कुठला पाला मिळतो हो? पाठोपाठ डोपिंगची तपासणी करणारे घरी येऊन रक्त आणि लघवी घेऊन गेले. निकालाला अजून तीन आठवडे होते, आणि युरोपातल्या शर्यतींसाठी नावं द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती.

"तापातून उठलेली मुलगी महिन्याभरात सव्वादोन मिनिटं कमी करत नाही, तुंगा," सर म्हणाले. "वीस वर्षं हेच बघतोय मी. तुझं नाव दिलं आणि निकाल वाईट आला, तर बाकीच्या मुलींकडेही लोक त्याच नजरेनं बघतील. काय घेतलंस ते सांग."

"काही नाही घेतलं, सर."

"मग एवढा वेग आला कुठून?"

"मरमर मेहनत केली मी! ती कुणालाच दिसत नाही का?" तिचा आवाज चिरकला. ती वळली. "अप्पा, तुमी तरी सांगा की. रोज मागं असता. सुम्ने गप काय उभारलाय?"

खंडोजीरावांनी नजर खाली घातली. तुंगाने ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"अप्पा... माझ्या दुधात काय घातलं नाही ना तुमी?"

सरांनी संशय घेतला तेव्हा खंडोजीरावांनी तो गिळला होता. पोरीने घेतलेला गिळवेना. गप्प राहिलं तर ती चोर ठरणार. बोललं तर चोरीचा डाग जाईल, पण त्याबरोबर काय जाईल तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"चाकं," ते म्हणाले.

"काय चाकं?"

"चाकांतली बेअरिंगं मी बदलली, पुट्टी, बाळा. दर रविवारी एक. चार रविवार, चार चाकं. आत पातळ तेल घातलं. एकदम चारी बदलली असती तर तुला कळलं असतं. एकदा तू विचारलीस, डावा पाय हलका का वाटतोय. मी म्हटलं, अंगात रक्त भरतंय."

सर ताडकन उठून बाहेर गेले. ओट्यावरची स्की उलटी करून त्यांनी चाकाला बोटाने टिचकी मारली. चाक फिरत राहिलं. चौघंही बघत होते, आणि ते थांबायचं नावच घेईना.

सर मोठ्याने हसले. त्यांनी खंडोजीरावांच्या खांद्यावर थाप मारली. "अहो, जीव टांगणीला लावला होतात की! गोळी नाही, इंजेक्शन नाही. हौदा, खरंच एवढंच होतं? थांबा, आत्ता सगळ्यांना फोन करतो."

"आणि माझं नाव, सर?" तुंगाने विचारलं.

सरांचं हसू विरलं. "कुठल्या वेळेवर देऊ, तुंगा? या वेळा तुझ्या नाहीत." एवढं बोलून ते फोन घेऊन आत गेले.

तुंगा पायरीवर बसली. खंडोजीराव तिच्यामागे उभे राहिले. "तू रडत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, जरा धीर आला की खरा जोर आपोआप येईल. मग एकेक चाक परत पहिल्यासारखं केलं असतं. कुणाला कळलंही नसतं."



"महिनाभर सगळे मला चोर म्हणत होते, अप्पा," ती म्हणाली. "तरी मला झोप लागायची. का ठाऊक आहे? मी जोरात जाते, हे मला माहीत होतं. तेवढं एकच माझं होतं."

आतून सरांचा आवाज येत होता. मुलगी अगदी स्वच्छ आहे, असं ते कुणाला तरी पुन्हा पुन्हा, आनंदाने सांगत होते. खंडोजीरावांना तिच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण त्यांना तेवढा धीर झाला नाही.