तीनशे बारा नावं

ऑरिन ट्वेटने नॉर्डाल कॉलेजचं अध्यक्षपद स्वतःहून सोडलं होतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. कारण ऑगस्ट उजाडेपर्यंत तो अशा काही थाटात बोलू लागला होता, की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याला खुर्चीवरून ओढून काढलं. कुणी ओढलं नव्हतं. वय अडुसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला आणि पदावर सतरा वर्षं झालेली. मे महिन्यात निरोप समारंभ झाला. हॅमची सँडविचं, परातीएवढा केक, कॉलेजची मुद्रा असलेली काळी लाकडी खुर्ची भेट. आवाराची देखभाल करणारा डेल तर त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. ते रडणं ऑरिनला मनापासून आवडलं होतं.

पायउतार झालेल्या अध्यक्षाने वर्षभर आवारात फिरकायचं नाही, अशी कॉलेजांची रीत आहे. नव्या माणसाला मोकळं वाटावं म्हणून. सतरा वर्षांपूर्वी ऑरिनने स्वतःच त्याच्या आधीच्या अध्यक्षांना गोड शब्दांत पत्र लिहून ही रीत कळवली होती. आता त्याची पाळी आली होती. नवराबायको आयोवातलं घर सोडून उत्तरेला, दोन तासांवरच्या तळ्याकाठच्या झोपडीवजा घरात राहायला गेले. त्याची बायको मार्लिस मासे धरण्यात रमली. ऑरिन कशातच रमला नाही.

त्याची जागा घेणारी कॉरीन व्हिटेकर सत्तेचाळीस वर्षांची होती. ओहायोहून आलेली. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही सापडत नव्हतं, हेच ऑरिनचं दुखणं. जुने सहकारी फोन करत आणि पाचव्या मिनिटाला तिचं कौतुक सुरू करत. ती कॅन्टीनमध्ये पोरांच्या रांगेत उभी राहते. ती हसते फार छान. ऑरिन "वा, वा" म्हणायचा, आणि फोन ठेवला की त्याला जेवण गोड लागत नसे.

पण एका गोष्टीत तिला आपली सर येणार नाही, अशी त्याची खात्री होती. ती गोष्ट म्हणजे नावं. दरवर्षी जूनमध्ये प्रवेश कार्यालयाकडून नव्या पोरांची नाव, गाव, छंद आणि फोटोंसकट यादी अध्यक्षाकडे येई. ऑरिन उन्हाळाभर ती घोकायचा, आणि ऑगस्टमध्ये पोरं वसतिगृहात सामान घेऊन येत तेव्हा निळा कोट घालून दारात उभा राहायचा. "ये टोबायस! सू सिटीहून किती वाजता निघालात?" पोरगं बावचळून जाई, आयांच्या डोळ्यांत पाणी येई. वर्तमानपत्रात दोनदा छापून आलं होतं.

यंदाही यादी आली. कार्यालयातल्या कुणी ईमेलचा पत्ता बदलला नव्हता, आणि ती एकट्या ऑरिनलाच आली. तीनशे बारा फोटो. कॉरीनला पुढे पाठवायला एक बटण दाबायचं होतं. पहिल्या दिवशी त्याने स्वतःला सांगितलं की उद्या पाठवू. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःला काही सांगितलंच नाही. यादी छापून घेतली आणि तळ्याच्या धक्क्यावर पाय सोडून घोकायला बसला.

मार्लिसने गळ आवरता आवरता मान वर केली. "कुणाचे फोटो रे?"

"जुने आहेत."

"जुने? ऑरिन, त्या पोराच्या दातांना तारा आहेत. तुझी जुनी पोरं आता टकली झालीयत."

मार्लिसने यादी हातात घेतली, पहिलं पान वाचलं आणि परत दिली.

"त्या बाईला पाठवलीस ना?"

"पाठवेन की."

"आणि तू काय करणार तिथं? सोडून दिलेल्या बायकोच्या लग्नात वाढायला जाणार?"

"मी कुठं जाणारेय!" ऑरिन म्हणाला.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तो गेला. मका आणतो म्हणून सांगून निघाला आणि दोन तास गाडी हाकून आइस्क्रीमच्या दुकानामागे लावली. मनात काय होतं, ते स्वच्छ होतं. बाई दारात उभी राहील, पोरांकडे बघून नुसती हसेल, आयाबापांचा हिरमोड होईल, आणि कुणीतरी, निदान डेल तरी, म्हणेल की ट्वेट असते तर. एवढं एक वाक्य कानावर पडलं की तो मुकाट घरी जाणार होता. टोपी डोळ्यांवर ओढून तो वसतिगृहासमोरच्या झाडाखाली उभा राहिला.

ऊन मी म्हणत होतं. गाड्यांतून गाद्या, छोटे फ्रिज, गालिचे उतरत होते. कॉरीन घामाने निथळत होती, अंगात साधा पांढरा टी-शर्ट आणि हातात जाड काळं पेन.

"तुझं नाव मला माहीत नाही," ती एका उंच पोराला सांगत होती, "आणि मला विसरायचं नाहीये. हे घे, लिही माझ्या बाहीवर."

पोरगं लाजलं. "तुमच्या शर्टावर?"

"मग काय भिंतीवर? लिही, लिही. आणि कसं म्हणायचं तेही शिकव. मी चुकले तर ओरडायचं."

ती चुकली, पोरगं ओरडलं आणि सगळे हसले. तिच्या पाठीवर, खांद्यावर, पोटावर नावंच नावं झाली होती. आयाबाप रांग लावून फोटो काढत होते. पेनांचा डबा धरून डेल उभा होता, आणि डेलचं नावही तिच्या कॉलरपाशी होतं. सतरा वर्षांत ऑरिनने डेलला कधी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

काय हा थिल्लरपणा! अध्यक्ष आहे की फलक? मेहनत नाही, घोकंपट्टी नाही, कळत नाही म्हणून सांगायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या! खरी गोष्ट काय असते ते दाखवायलाच हवं, असं त्याला वाटलं, आणि आपण ठरवलंय काय, हे तो विसरला.

समोरून एक मुलगी भलं मोठं खोकं सावरत येत होती. पान अठरा, डावीकडून दुसरी.

"डेलेनी!" तो पुढे झाला. "दे इकडे ते. कर्नीहून लांबचा पल्ला आहे गं. क्लॅरिनेट आणलंस ना?"

मुलगी जागच्या जागी थिजली. मग दोन पावलं मागे सरली.

"डॅड," ती हळूच म्हणाली.

बाप गाडीमागून आला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. शेतकरी गडी, हात केवढाले. "तुम्ही ओळखता हिला?"

"तसं... हो. म्हणजे नाही."

"मग नाव कसं माहीत? क्लॅरिनेटचं कुणी सांगितलं?"

ऑरिनने अंगावरच्या कोटाकडे हात नेला. कोट नव्हता. चौकडीचा सदरा होता, मासे धरतानाचा. सतरा वर्षं ज्या शब्दांनी लोकांचे डोळे भरून आले, तेच शब्द त्याने जसेच्या तसे उच्चारले होते, आणि ही पोर त्याला भ्यायली होती. एवढं लाजिरवाणं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

"डॉक्टर ट्वेट!" कॉरीन धावत आली. "अहो, काळजी करू नका, हे आमचे आधीचे अध्यक्ष. खूप मोठा माणूस. सगळ्या पोरांची नावं पाठ असतात यांना."

"अच्छा, आधीचे," बाप म्हणाला, आणि त्याचे खांदे सैल झाले. "माफ करा हं. काय आहे, दिवस असे आहेत..."

बापलेक खोकं घेऊन पुढे गेले. कॉरीनचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं होतं. तिने विचारलं, "यंदाचीही पाठ आहेत?"

ऑरिनने मान खाली घातली. "यादी माझ्याकडे आली होती. जूनमध्ये. मला ठाऊक होतं ती तुमची आहे."

ऑरिन वाट बघत होता. तिने चारचौघांत चार शब्द सुनावावेत, असं त्याला फार वाटत होतं, म्हणजे निदान भांडता तरी आलं असतं.

"मी दोनदा मागितली," ती म्हणाली. "कार्यालयवाले म्हणे, पाठवली. काल दुपारी तर रडायचीच बाकी होते हो मी. तुमच्या जागी उभं राहायचं आणि एक नाव येत नाही! मग म्हटलं, सरळ विचारू त्यांनाच." तिने नावांनी भरलेल्या बाहीकडे बघितलं आणि खरंखुरं हसली. "बरं झालं, डॉक्टर. पुढच्या वर्षीही तुमच्याकडेच येऊ द्या ती. मला नको."

शब्दांत कुचकेपणा औषधालासुद्धा नव्हता. ती वळली आणि पुढच्या पोराकडे पळाली.

"आजोबा," कुणाची तरी आई म्हणाली, दोन्ही हातांत गादी, "जरा दार धरता?"

त्याने दार धरलं. पोरं एकामागून एक आत जाऊ लागली. विन्स्टन, प्रिसिला, तारावाला ग्रेडी, जुळ्या हॉफ्लँड बहिणी. सगळी त्याला येत होती, एकही चुकत नव्हती. तो दार धरून उभा राहिला, आणि त्याने कुणालाही हाक मारली नाही.