सवतीला हार

दमयंती माझ्या बोटीला सवत म्हणायची. ती छोटी फायबरची बोट मी त्र्याण्णव साली सेकंडहँड घेतली होती. मागे आउटबोर्ड इंजिन, मुक्काम पनवेलच्या खाडीत. सुट्टी लागली की मी तिच्याकडे. दमयंतीनं मात्र तिच्यात कधी पाय ठेवला नाही. "पाण्याच्या मधोमध तुम्ही 'काही होत नाही' म्हणणार. ते खरं की खोटं, मला कसं कळायचं?"

दसऱ्याला स्कूटरची पूजा झाली आणि ती आपणहून म्हणाली, "चला, सवतीलाही हार घालू." मला अगदी भरून आलं. इंजिन वर उचललेलं होतं, पंखा समोरच दिसत होता. तिनं पात्यांना कुंकू लावलं आणि झेंडूचा हार तिथंच गुंडाळला. पूजेचा हार कुणी लगेच काढतं का? मी तसंच इंजिन पाण्यात सोडून एक फेरी मारली. खाडीभर फुलं पसरली. काठावरून ती खुशीत ओरडली, "दिवाळीत मी येणार, मोऱ्याच्या बंदरापर्यंत!"

दिवाळीच्या तोंडावर बोट बिघडली. गिअर टाकला की खालून जात्यासारखी घरघर, आणि इंजिन बोंबलतंय तेवढी बोट काही पळेना. गिअरचं तेल काढून पाहिलं तर दुधाळ चहा! म्हणजे आत पाणी शिरलेलं. हे तेल गणपतीनंतर हरेश मेकॅनिकनं बदललं होतं. मी त्याला चारचौघांत वाट्टेल ते बोललो. माझं डोकं तापलं की जीभ ताब्यात राहत नाही.

हरेशनं मुकाट्यानं पंखा उतरवला. मागे दांड्यावर नायलॉनचा दोरा करकचून बसला होता. त्या दोऱ्यानं पाणी अडवणारं रबरी सील कापलं होतं, आणि दोऱ्यात झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. हा दमयंतीनं दसऱ्याला घातलेल्या हाराचा दोरा, हे मी हरेशला सांगितलं. मी त्याची माफी मागितली.

"मला बोल्लात ते बोल्लात, काका," तो म्हणाला, "पन वयनींना सांगू नका. परत बोटीकडं बगायच्या नाय त्या."

मलाही तीच धास्ती होती.

घरी दमयंती करंज्या तळत होती. "काय निघालं हो?"

"जुनं सील. बदललं."

"एवढंच?"

"एवढंच."

झारा ठेवून ती माझ्याकडे वळली. "अहो, साधा प्लग गेला तरी तुम्ही जेवण संपेपर्यंत सांगत असता. मला सगळं तोंडपाठ झालंय. आणि आज दोन शब्दांत आटपलंत? काय लपवताय?"

मग सांगावंच लागलं. दोरा, पाकळ्या, सगळं. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, संपलं. आता ही जन्मात बोटीत बसायची नाही.

"म्हणजे माझ्यामुळेच," ती म्हणाली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं हातानंच थांबवलं. पदरानं डोळे पुसले, कढईखालचा गॅस बारीक केला.

"तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही," ती म्हणाली. "रविवारी येते मी."