राखेची सवय

कुत्र्याच्या पिल्लाला मारायचं नाय, हे आमच्या सासूचंच सांगणं. मारलं की ते घाबरतं आणि घाबरलं की बसल्या जागी करतं, असं ती म्हणायची. म्हणून मी टिक्याला साधी चापटपण मारली नाय. आता आळीतल्या सगळ्या मलाच शहाणपण शिकवतात, भामे, एक रट्टा दिला असतास तर ही पाळी आली नसती. म्हणा बायांनो. बोलायला काय जातंय?

टिक्या आला श्रावणात. आमचे धनी मिठागरावर कामाला, दसरा झाला की तिकडंच झोपडीत राहायचे. घरात सासू नि मी, दोघीच. राखणीला कुत्रा असू दे म्हणून त्यांनी करंजाड्याहून हे पिल्लू टोपलीतून आणलं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिक्या. आमाला मूलबाळ नाय. आणि माझी आई मी रांगत होते तेव्हाच गेली, त्यामुळं जन्मात आय म्हणून हाक मारली ती या सासूलाच. एवढी दोनच माणसं माझ्या मायेची, त्यातलं एक चार पायांचं.

पावसात अंगणात घोटाभर चिखल, खाडीच्या कडेनं कोल्हे फिरायचे. एवढ्याशा जिवाला बाहेर कुठं सोडणार? तान्ह्या पोरानं घाण केली की आमी वर चुलीतली राख टाकतो नि भरून घेतो. मी टिक्याचंही तसंच केलं. मग म्हटलं, राखेतच करू दे की. फुटकं घमेलं राखेनं भरून मागच्या दाराशी ठेवलं. त्यानं खाल्लं की उचलायचं, घमेल्यात ठेवायचं, पाठीवरून हात फिरवायचा, आणि केलं की सुक्या बोंबलाचं डोकं द्यायचं. पंधरवडाभरात गडी असा तयार झाला की आपला आपण घमेल्याकडं धावायचा. शेजारची ठकी बघायला आली नि म्हणाली, माझं पोरगं धाडू का तुझ्याकडं शिकायला? मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

दसऱ्यानंतर अंगण वाळलं, तसं मी घमेलं उचललं. आता मोकळं रान हाय, कशाला हवी राख? टिक्या अंगणभर हुंगत फिरला, कुंईकुंई करत आत आला, आणि गेला सरळ चुलीत. सकाळची वेळ, चूल पेटायची होती, आत रात्रीची राख मऊ नि कोमट. तिथं ऐटीत बसून त्यानं काम उरकलं आणि बोंबील मागायला माझ्यापुढं शेपूट हलवत उभा राहिला. यात त्याचं काय चुकलं सांगा. आणि माझं तरी काय चुकलं?

सासू ओरडली असती तर बरं झालं असतं. रोज हळदकुंकू वाहून पेटवायची ती चूल तिनं स्वतःच्या हातानं मोडली, माती बांधावर टाकून आली, शेतातली चिकणमाती आणून तीत तूस नि शेण मळलं आणि नवी चूल घातली. ती वाळून पेटेपर्यंत तिनं शिजलेलं अन्न तोंडात घेतलं नाय. गुळाचा खडा नि पाणी. ठकीनं ताट आणलं तर म्हणाली, आपली चूल थंड असताना दुसऱ्याच्या चुलीचं खाऊ नये. मी मात्र ठकीकडं जेवले, खोटं कशाला सांगू.

नवी चूल पेटली, राख झाली, आणि टिक्या परत तिथंच. मी घमेलं पुन्हा मांडलं, तर ढुंकून बघंना. थंडीचे दिवस, त्याला उबेची गोडी लागलेली. चुलीपुढं पाट उभा केला, पाडला. राख सगळी उपसून टाकली, तरी वासावर गेला. अंगणात बांधला तर असा रडला की सासूनंच उठून सोडला आणि पदराखाली घेतला. पुन्हा चूल मोडली, पुन्हा म्हातारी उपाशी. तिच्या गळ्याची हाडं वर आली. मला दोघांकडं बघवत नव्हतं आणि काही सुचतही नव्हतं.

धनी मिठागरावरून घरी आले तेव्हा चूल तिसऱ्यांदा मोडलेली. आईची दशा बघून त्यांनी टिक्याला पोत्यात घातला, खाडीपलीकडं सोडून येतो म्हणाले. मी मान खाली घालून हो म्हटलं. काय करणार होते? तेव्हा सासूनं पोत्याची गाठ सोडली.

"त्याला आपणच शिकवलं," ती म्हणाली. "शिकल्यापायी त्याला हाकलायचं? मी जनीकडं जाते. तो सुधारला की मला बोलाव, भामे."

जनी माझी नणंद, कोन गावाला दिलेली. मी पायावर डोकं ठेवलं, कुत्रा नको मला म्हणून सांगितलं, पण म्हातारी हट्टाला पेटली की पेटली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेली.

मग मी टिक्याला पुन्हा शिकवायला बसले. बांधावर मूठभर राख टाकायची, त्याला तिथं न्यायचं, कौतुक करायचं. रोज राख थोडी कमी, माती थोडी जास्त. शेवटी राख उरलीच नाय, माती उरली. शिमग्यापर्यंत टिक्या आपला आपण बांधावर जायला लागला. चुलीकडं फिरकेना. मी लुगडं बदललं आणि तडक चालत कोन गाठलं.

सासू अंगानं भरली होती. मला बघून तिचे डोळे भरले. मी सगळं सांगितलं, तिनं सगळं ऐकलं नि विचारलं, "घरची चूल कुणी घातली?"

"मीच. मग काय तीन दगडांवर रांधू?"

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

"मग घर तुझं झालं, बाय. सुनेच्या हातची चूल पेटली की सासूनं त्या घरात पावनी म्हणून यायचं. माझ्या सासूनं तेच केलं."

मी म्हटलं, मोडते मी ती चूल, आत्ता जाऊन मोडते, तू ये नि घाल. ती एकदम गंभीर झाली. चांगली पेटती चूल हातानं मोडणं म्हणजे घरावर अवदसा आणणं, विटाळून बाटली तरच मोडायची असते, म्हणाली. मी रडले, भांडले, जनीनंही सांगून बघितलं. म्हातारीनं मला जेवू घातलं आणि वाटेला लावलं.

घरी आले तेव्हा टिक्या ओट्यावर होता. त्याला पोटभर खाऊ घातलं. मग उचलला आणि चुलीत ठेवला, कोमट राखेवर. पाठीवरून हात फिरवत म्हटलं, कर रे बाबा, एकदाच कर, आय घरी येईल. तो माझ्याकडं बघत राहिला. मग अंग झटकून उडी मारली, दारातून धावत बांधावर गेला, तिथं करून आला आणि शाबासकीसाठी माझ्यापुढं उभा राहिला.