स्वच्छ काचा

नानासाहेबांनी केळीच्या पानावरचा घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि ते दोन पावलं मागं सरले.

"काव, काव," त्यांनी हाक दिली. मुकुंदवाडीच्या आभाळात नुसतं ऊन होतं.

आज त्यांच्या पत्नीचं, गोजरबाईंचं, वर्षश्राद्ध. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय खाली कुणी जेवणार नव्हतं. मुलगा अतुल जिन्याशी मोबाईल बघत उभा होता. गच्चीवरच्या सोलर पॅनलचा वर्षाचा हिशेब कंपनीकडून नेमका आजच आला होता.

"नाना, पहिल्या वर्षापेक्षा वीज लई जास्त बनली. बिल तर नायच म्हणा. इतक्या स्वच्छ काचा कुणाच्याच नाहीत म्हणं."

एरवी हे वाक्य नानासाहेबांनी गल्लीभर मिरवलं असतं. आज त्यांनी नुसती मान हलवली.

सोलर बसलं तेव्हा गोजरबाई रोज सकाळी याच कठड्यावर भाकरीचा तुकडा ठेवायच्या. कावळे भाकरी खायचे आणि जाताना काचा घाण करायचे. नानासाहेबांचा सगळा जीव विजेच्या आकड्यात. त्यांनी भाकरी बंद केली. तरी कावळे येतच राहिले, तेव्हा काळी पिशवी, चिंध्या आणि सुतळी घेऊन त्यांनी मेलेला कावळा बनवला आणि काठीला उलटा टांगला. गावाकडं कन्नडला शेतात त्यांचे वडील टांगायचे, तस्साच. आठवड्यात गच्ची ओस पडली.

"मी गेल्यावर कुणाला बोलवताल?" गोजरबाईंनी विचारलं होतं.

"तू कशाला जातीस? मला पोचवूनच जाशील," म्हणत ते हसले होते.

दहाव्याला पैठणच्या घाटावर कावळ्यांना तोटा नव्हता, म्हणून तेव्हा काही कळलं नाही. आज पहाटे त्यांनी तो चिंध्यांचा कावळा गुपचूप उतरवला होता. पण कावळ्याची जात विसरत नाही.

"आईची कायतरी इच्छा ऱ्हायली असंल," अतुल म्हणाला. त्यानं हात जोडले. "आई, तुझ्या नातीला, राजनंदिनीला लई शिकवतो. तुझ्या पाटल्या मोडणार नाय."

पान तसंच राहिलं. वरण सुकत चाललं.

खालून सून रत्नमाला आली. "नाना, लेकरं उपाशी हायेत. गुरुजी म्हणतात, दर्भाचा कावळा करून शिववा. तुमच्यात कुणाला करता येतो का, इचारलंय."

"आण इकडं दर्भ," नानासाहेब म्हणाले. "मला येतो."

ते तिथंच उन्हात बसले. दर्भ दुमडला, मान वळवली, गाठ मारली, पंख ओढून बसवले. बोटं कुठंच अडली नाहीत.

"हे कधी शिकलात, नाना?" अतुलनं विचारलं.

नानासाहेबांनी तो कावळा घासाला टेकवला आणि मग त्यांचा बांध फुटला.

"जेव गं गोजर," ते म्हणाले. "तुझी भाकरी मीच बंद केली."