पास केलेलं प्रूफ

"बस उशिरा आली असेल," वादिराज होळ्ळ पेटीवाल्याला म्हणाले. मघाशीही ते हेच म्हणाले होते.

सतरंज्या अंथरल्या होत्या, माइक तपासून झाला होता, कृष्णाच्या तसबिरीपुढे समई तेवत होती. ऐकणारं मात्र एकही माणूस नव्हतं. आतल्या खोलीत मुकुंददास, सगळ्यांचे 'दासरु', उपरण्याच्या निऱ्या घालत होते. घशाच्या शस्त्रक्रियेनंतरची ही त्यांची पहिली हरिकथा, आणि डॉक्टरांचं ऐकायचं तर शेवटची. आधी ठरलेला कटपाडीचा मंडप उघडा, हमरस्त्याला खेटून. तिथे ओरडून गावं लागलं तर उरलासुरला गळाही जाईल, म्हणून जागा बदलून उडुपीतलं हे बंद सभागृह ठरवलं होतं. मंडळाच्या संकेतस्थळावर ती बदलायचं काम वादिराजांचं. ते त्यांनी केलंही होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ते पुन्हा दारापाशी गेले. रस्त्यावर भाजीची हातगाडी तेवढी होती.

फोन वाजला. भाची प्रज्वला.

"मामा, आहात कुठे तुम्ही? आईला घेऊन कटपाडीला आलेय. पाय ठेवायला जागा नाही इथे. सगळे विचारतायत, दासरु कुठे?"

"कटपाडीला कशाला गेलात? जागा बदलली ना. पानावर घातलंय मी."

"थांबा, बघते." मागून ट्रकचा भोंगा ऐकू आला. "मामा, इथे कटपाडीच आहे."

"असं कसं? मी उडुपी लिहिलं. प्रिव्ह्यू उघडून अक्षर न् अक्षर वाचलं. काना-मात्रासुद्धा."

"आणि मग?"

"मग काय? पास केलं."

"पब्लिश दाबलंत का?"



सारा जन्म वादिराजांनी छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवला होता. छापखान्याला कुलूप लागलं तेव्हा संकेतस्थळं बनवणाऱ्या या पोरीनेच त्यांना मंडळाच्या पानांचं काम शिकवलं. नव्या शब्दांची त्यांना धास्ती वाटायची. ती म्हणायची, "घाबरता काय मामा, सगळं तुमच्याच छापखान्यातलं आहे." डोमेन म्हणजे दारावरची पाटी. होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. टेम्प्लेट म्हणजे खिळे जुळवून बांधलेला फर्मा. आणि प्रिव्ह्यू म्हणजे प्रूफ. हा शब्द त्यांना सर्वांत आधी कळला होता. प्रूफ बघायचं, खाली सही करायची, की मुद्रितशोधकाचं काम संपलं. पुढे मशीन फिरवायला मशीनवाला असतो. पब्लिशचं बटण त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्याच्या यंत्राला हात कशाला लावा, म्हणून ते बाजूला झाले होते.

"अगं, मग छापलं कोणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणीच नाही मामा. इथे मशीनवालाही तुम्हीच." मग तिचाच आवाज मऊ झाला. "चूक माझी. मीच सांगायला हवं होतं. आता मात्र काही दाबू नका. लोक इथेच आहेत."

आतल्या खोलीच्या उंबरठ्यावर वादिराज जरा वेळ उभे राहिले. मुकुंददास आरशात बघून गोपीचंदनाची रेघ ओढत होते.

"बोल वादी. लोक आले?"

"आले. कटपाडीला आले." वादिराजांनी सगळं सांगितलं. "माझ्यामुळे झालं. दासरु, तिकडे जाऊ नका. मी हात जोडून त्यांची क्षमा मागतो. तुमचा गळा..."

"किती आहेत?"

"मंडप भरलाय म्हणते प्रज्वला."

मुकुंददासांनी रेघ पुरी केली. "म्हाताऱ्या बायका बसच्या दांड्याला लोंबकळत आल्या असतील. देवाचं नाव ऐकायला आलेल्या माणसाला परत पाठवू? आणि हा गळा काय लोणचं घालून ठेवू?" ते हसले, तर खोकला आला. "गाडी काढा."

पेटी, मृदंग गाडीत गेले. वादिराजही मागोमाग निघाले, पण मुकुंददासांची नजर समईवर गेली.

"कथेसाठी लावलेली आहे. अशी टाकून जाता येत नाही."

"मी थांबतो," वादिराज म्हणाले. "गावातल्या काहींना तोंडी सांगितलंय. कोणी आलंच तर तिकडे पाठवीन."

"जन्मभर माझ्या पदांतल्या चुका काढल्यास. आज ऐकायला तूच नाहीस." मुकुंददासांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाडीत बसले.

कोणी आलं नाही. वादिराजांनी समईत तेल घातलं. सगळ्या सतरंज्या रिकाम्या होत्या, तरी ते मागे खांबाशीच बसले.

प्रज्वलाचा फोन आला. "सुरू होतंय. फोन चालू ठेवते, ऐका."

आधी नुसते ट्रक. मग मृदंगाची थाप, आणि तिच्यामागून चिरफाळलेला, ओळखीचा आवाज. दोन वाहनांच्या मधल्या फटीतून तो येई आणि जाई. नमन झालं. सुदामा पोह्यांची पुरचुंडी काखेत धरून द्वारकेच्या दारात उभा राहिला. दासरुंनी पद उचललं, वरच्या स्वरावर गेले, आणि ओळीच्या मध्यावर आवाज तुटला.

मृदंगही थांबला. फोनमध्ये फक्त रस्ता ऐकू येत होता.

वादिराजांनी फोन कानाशी घट्ट धरला. मग समईकडे तोंड करून, त्या रिकाम्या सभागृहात, ओळीचा राहिलेला अर्धा भाग त्यांनी हलकेच म्हटला.